शेंग्या-काशीची वाकळ

नवरात्राच्या तोंडावर लेकी माहेरी येतात त्या देवीची ओटी भरायला. मी येते ती वाकळा धुवायला. घट बसायच्या आत घरातला कपडा न् कपडा पाण्यातून निघाला पाहिजे, हा आमच्या येरमाळ्याकडचा कायदा आहे आणि आईच्या घरात त्याला सूट नाही. अंथरुणं, पांघरुणं, उशांचे अभ्रे, दाराचे पडदे, टीव्हीवर टाकलेलं फडकंसुद्धा. पूर्वी आम्ही गाठोडी डोक्यावर घेऊन ओढ्याला जायचो. आता ओढ्यात धुण्याजोगं पाणी राहिलं नाही, म्हणून अंगणातल्या हौदावर धुतो. भावानं धुण्याचं मशीन घेतलंय, पण आईचा त्याच्यावर विश्वास नाही. वाकळ बडवल्याशिवाय निघत नाही, असं तिचं म्हणणं.

यंदा आईचे गुडघे अगदीच बोलायला लागलेत. ती हौदाशेजारी खुर्ची टाकून बसली होती आणि मी व भावजय तिच्या हुकमानं धूत होतो. ढिगाऱ्याच्या तळाशी एक वाकळ निघाली. मधे धोतराचं पांढरं पान, आता चहाच्या रंगाचं झालेलं, आणि चारी बाजूंनी हिरव्या इरकलीचे काठ. मी ती उचलून पाण्याकडे निघाले तर आई म्हणाली, "ती न्हाय. ती ऱ्हाऊ दी."

"आई, आता ही आपणच धुवायची ना? हीच तर सगळ्यात मळलीय."

"ठावं हाय मला. ऱ्हाऊ दी म्हणलं ना."

जी बाई अंगणात बसलेला कावळा हाती लागला तर तोही धुऊन वाळत घालील, ती हे म्हणत होती. भावजय माझ्याकडे बघून हसली. मी वाकळ परत पायरीवर ठेवली, आणि ठेवता ठेवता तिच्यात तोंड घातलं. करडईचं तेल, मिसरी, कडबा, आणि या सगळ्याच्या खाली मांजराच्या अंगाचा तो कोरडा, उन्हात तापलेल्या मातीसारखा वास. आत्याचा वास. आत्या शिमग्याच्या आसपास गेली. तिची साडी, तिचा चष्मा, तिची मिसरीची डबी बघून मी रडले नव्हते. त्या दिवशी हौदाशी मात्र मला रडू आलं आणि मी ते साबणाच्या पाण्यानं तोंड धुऊन लपवलं.

ही वाकळ आमच्या घरात आली तेव्हा मी चौथीत असेन. त्याच्या थोडंसं आधी शेंग्या आला होता.

शेंग्याला आईनं पिठाच्या गिरणीपुढून उचललं. दळण घेऊन घरी आली ती एका काखेत पिठाचा डबा आणि दुसऱ्या काखेत एक पांढरंशुभ्र पिल्लू. आल्या आल्या तिनं त्याला न्हाणीत नेऊन धुतलं, आणि पांढरं कुत्रं तपकिरी होऊन बाहेर आलं. अंगावरचं पीठच होतं ते. भाजलेल्या शेंगेचा रंग, म्हणून शेंग्या. नुसता रंगच नाही, आकारही त्यानं तोच धरला. गावठी कुत्री वर्षात केवढाली होतात, हा होता तेवढाच राहिला. पुढं म्हातारा झाला तरी अनोळखी माणसं विचारायची, पिल्लू कितीचं आहे? आई दिवसातून दहा वेळा त्याला मेल्या म्हणायची आणि पहिली भाकरी त्याला घालायची. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं म्हणत तिनं त्याला बसायला, उठायला, चुलीपासून लांब राहायला शिकवलंही होतं.

आणि मग भूमच्या बसनं आत्या आली. आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. त्या उन्हाळ्यात मामा गेले होते. आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. पुढं तिच्या सासरी काय बोलणं झालं, कोण काय म्हणालं, ते आम्हां पोरांना कुणी सांगितलं नाही. विचारायची रीतही नव्हती. मला आठवते ती बसच्या पायरीवरून उतरणारी आत्या: एका हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर वाकळ आणि कडेवर दोन बांबूच्या पाट्या, तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधलेल्या. पाट्यांच्या फटीतून दोन पिवळे डोळे बघत होते. कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "मावशी, वाटंभर इचारतोय, पाटीत काय हाय?"

"घरचं माणूस हाय," आत्या म्हणाली.

ती काशी. राखाडी पट्ट्यांची, एका कानाचा शेंडा गेलेली. मामांच्या आजारपणात तीच तेवढी आत्याच्या उशाशी असायची.

आमच्याकडे लांबून कुणी राहायला आलं, की उंबऱ्यावर पायांवर पाणी घालतात आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. नवा बैल बाजारातून आणला तरी हेच. आईनं आत्याच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळला. तेवढ्यात आत्यानं पाट्या पुढं केल्या. "हिची बी काढ, कुसुम." आईच्या कपाळाला आठी पडली, पण नणंदेला पहिल्याच पायरीवर नाही कसं म्हणायचं? तिनं पाट्यांवरून भाकरीचा तुकडा फिरवला आणि मागं भिरकावला. तो जमिनीवर पडायच्या आत शेंग्यानं वरच्यावर गिळला.

"काढलेली दिष्ट पोटात घातली मेल्यानं," आई म्हणाली. अण्णा हसले. आत्या हसली नाही. पाटीतून अशी काही फुस्स आली की शेंग्या ओट्याखाली जाऊन बसला तो संध्याकाळी भाकरीच्या वासावरच बाहेर आला.

झालं. कुत्रा आईचा, मांजर आत्याची, आणि दोघींचं नातं नणंद-भावजयीचं. विळ्या-भोपळ्याचं सख्य एका घरात कमी होतं म्हणून की काय, आता कुत्र्या-मांजराचं वैरही आलं. पहिल्या दोन-चार दिवसांतच घर दणाणून गेलं. काशी उतरंडीवर चढली आणि वरचं गाडगं खाली आलं. शेंग्यानं भुंकून भुंकून घसा बसवून घेतला. आई आत्याशी तोडून काही बोलायची नाही. मीठ कुठं आहे, तेल संपत आलंय, एवढंच. पण सकाळी घागर घेऊन निघाली की काशी नेमकी समोरून जायची, आणि आई उंबऱ्यावर थांबून कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "आडवं जातंय रोज. कुठं कुठं थांबावं माणसानं."

आत्यानं ते ऐकलं होतंच. एके दिवशी जेवताना ती अण्णांना म्हणाली, "दसऱ्यापतुर बघू. ह्या दोघांचं जमलं तर ठीक. न्हाय तर म्या काशीला घिऊन भूमला जाईन. तिला सोडून न्हाय ऱ्हायची म्या."

अण्णांनी हातातला घास परत ताटात ठेवला. आई भाकरी थापत राहिली. भूमला काय होतं हे मलाही माहीत होतं. कुलूप लावलेली एक खोली, आणि सांजेला दिवा लावायला कुणी नाही. मला आत्या हवी होती. ती पाठ खाजवून द्यायची, तिच्या हातांना मेथीचा वास यायचा, आणि तिच्याजवळ झोपलं की मला कशाचीच भीती वाटायची नाही. म्हणून त्या दिवसापासून मी शेंग्याला आणि काशीला देवासारखं मानायला लागले. आत्या राहणार की जाणार हे त्या दोघांच्या हातात होतं.

आत्या मात्र घाई करायची नाही. "नवी बैलजोडी लावताना लगी जू ठिवत्यात का मानंवर?" ती मला म्हणायची. "आदी दावणीला शेजारी शेजारी बांदायचं. मग येका गव्हाणीत वैरण. वास मुरू द्यायचा. मग जू." आणि तसंच तिनं केलं. सैपाकघर काशीचं, ओटा शेंग्याचा, मधे दार बंद. दाराच्या अलीकडे एक वाटी, पलीकडे एक वाटी. दोघं एकाच वेळी खायची, एकमेकांचं लपालप ऐकत. शेंग्या खालच्या फटीत नाक घालून फुसफुसायचा आणि काशी पलीकडून त्या नाकाकडे बघत बसायची. वाट्या आधी दारापासून लांब असायच्या, मग रोज जराशा जवळ सरकायच्या.

ती भूमहून आणलेली वाकळ आत्याच्याच अंगाखालची. मामांच्या धोतराची आणि तिच्या लग्नातल्या इरकलीची, तिनं स्वतः शिवलेली. दिवसा ती काशीला त्या वाकळेवर निजू द्यायची. दुपारी काशी उठली, की तीच वाकळ ओट्यावर शेंग्याखाली. संध्याकाळी परत आत. एकाचा वास दुसऱ्याच्या झोपेत जायला पाहिजे, असं ती म्हणायची. ओट्यावर वाकळ आली की शेंग्या आधी तिच्यावर भुंकायचा. मग नुसता गुरगुरायला लागला. मग हुंगायचा, तीन गिरक्या घ्यायचा आणि नेमका काशीच्या खळग्यात वेटोळं करून झोपायचा.

दार उघडायचा दिवस आला तेव्हा आत्यानं शेंग्याच्या गळ्यातल्या सुतळीचं दुसरं टोक आपल्या पायाच्या घोट्याला बांधलं आणि जोंधळा निवडायला बसली. काशी फळीवर. ती फळी म्हणजे आईच्या पितळी डब्यांची जागा. "मांजराला वर चढून बसायला जागा पायजे, कुसुम. पळायला वाट आसली की ते लढत न्हाय," आत्यानं म्हटलं होतं, आणि आईनं तोंड वाकडं करून डबे खाली घेतले होते. शेंग्यानं झेप घेतली की आत्याचा पाय ओढला जायचा. ती सुपातली नजरही न उचलता म्हणायची, "बस." तो बसायचा. बसला की शेंगदाणा मिळायचा. काशीकडे नुसतं बघितलं आणि भुंकला नाही, तरी शेंगदाणा. शेंग्यानं शेंगदाण्यापायी आपलं वैर विकलं, असं अण्णा सगळ्यांना सांगायचे.

त्या दिवसांचे आवाज मला अजून येतात. सुपातला जोंधळ्याचा झुळझुळाट, हायवेवर गिअर बदलणाऱ्या ट्रकचा हुंकार, दुपारी पत्र्याचं उन्हानं तडतडणं, आणि या सगळ्यात काशीचा फळीवरून उतरताना होणारा धप्प असा बारकासा आवाज. तो पहिल्यांदा झाला तेव्हा आत्यानं माझा हात घट्ट धरला. काशी शेपूट फुलवून, तिरकी तिरकी, शेंग्याजवळ आली. त्याच्या नाकाला नाक लावलं. आणि काही न करता पाण्याच्या घागरीशी जाऊन बसली.

पोळा झाला, गौरी-गणपती झाले. गौरीच्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर मधल्या दारात वाकळ पसरलेली, आणि तिच्यावर शेंग्या आणि काशी, पाठीला पाठ लावून. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तोंडावर बोट ठेवून तिनं मला खूण केली. आई चुलीपुढून उठून आली, बघून म्हणाली, "तिच्या अंगावर पाय टाकलाय बघा मेल्यानं." तिच्या आवाजात राग नव्हता. मला वाटलं, जमलं. आत्या राहिली.

आणि मग नवरात्राची धुणी आली.

आत्या त्या दिवशी येडाईच्या डोंगरावर दर्शनाला गेली होती. आईनं घरातलं सगळं काढलं. मधल्या दारातली वाकळही उचलली, हुंगून बघितली आणि गाठोड्यात घातली. ओढ्याला भरपूर पाणी होतं. गुडघाभर पाण्यात उभी राहून आई ती वाकळ बडवत होती आणि पाणी काळं होऊन वाहत होतं. "बघ किती मळ हाय," आई मला म्हणाली. "ह्या बाईला दोन वरसं आजाऱ्याचं करण्यापायी एक वाकळ धुवायला मिळाली न्हाय. कुणी हात दिला न्हाय." पुन्हा पुन्हा सोडा लावून तिनं ती बडवली. पांढरं पान निळीत घातलं. आणि मग, पाणी चांगलं होतं, साबण शिल्लक होता, शेंग्या काठावर नाचत होता, तर त्यालाही धरून खसाखसा धुतलं.

आत्या डोंगरावरून आली ती कपाळभर कुंकू लावून, पदरात प्रसाद घेऊन. कुंपणावर वाकळ वाळत होती, उन्हात डोळे दिपतील अशी पांढरी. आत्यानं जवळ जाऊन तिच्यात तोंड घातलं. बराच वेळ तशीच उभी राहिली.

"धुतलीस व्हय, कुसुम."

"आपल्या घरच्यांसंगं धुतली, वन्सं," आई म्हणाली. तिला ते सांगायचंच होतं. "परक्याची आसती तर बाजूला ठिवली आसती."

"त्यात ह्यांचा वास हुता गं," आत्या म्हणाली. एवढंच. ती ओरडली नाही, रडली नाही, आत गेली आणि प्रसाद देवापुढं ठेवला. आई बादली धरून तिथंच उभी राहिली. आईला कधी असं बघितलं नव्हतं मी.

संध्याकाळी वाळलेली वाकळ दारात पसरली. शेंग्या जाऊन आपल्या जागेवर बसला. काशी बाहेरून फिरून आली, नेहमीसारखी सरळ वाकळेकडे गेली, आणि थबकली. तिच्या ओळखीचं तिथं काही नव्हतं. वाकळेला सोड्याचा वास, कुत्र्याला साबणाचा. रोजचा शेंग्या तिच्यापुढं शेपूट हलवत होता आणि तिच्या लेखी ते कुठलं तरी परकं कुत्रं होतं. तिनं पंजा मारला. शेंग्याच्या नाकावर रक्त आलं, तो केकाटत ओट्याखाली गेला, काशी फळीवरून खिडकीत, खिडकीतून पत्र्यावर, आणि पत्र्यावरून गेली. रात्री आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. आत्यानं हाका मारल्या, अण्णा हायवेपर्यंत बघून आले.

घट बसायच्या दिवशी सकाळी आत्यानं पेटी भरली. "ती भूमला गेली आसंल. मांजर जुन्या घराकडंच जातंय," ती अण्णांना म्हणाली. "दसऱ्याची वाट कशाला बघायची आता." अण्णांनी पुष्कळ समजावलं. ती ऐकेना. वाकळ तिनं घेतली नाही, दारातच राहू दिली. आई घटाची माती कालवत होती, तिनं वर बघितलं नाही. आत्या पेटी घेऊन स्टँडकडे गेली आणि अण्णा तिच्यामागं गेले. मी ओट्यावर बसून रडत होते.

तेवढ्यात आईनं विचारलं, "शेंग्या कुठं हाय गं?" सकाळपासून त्यानं भाकरी खाल्ली नव्हती. आम्ही घरामागं गेलो. कडब्याची गंजी होती तिथं, आणि तिच्या बुडाशी शेंग्या बसला होता, सुजलं नाक वर करून. भुंकत नव्हता. नुसता वर बघत होता आणि बारीक कुंईकुंई करत होता. आईनं मान वर केली. गंजीच्या शेंड्याला, पेंढ्यांच्या मधे, दोन पिवळे डोळे.

आईनं काशी, काशी करून बघितलं. ती आणखी आत सरकली. मग आई तशीच निघाली. हाताला कोपरापर्यंत घटाची माती, उपास, डोक्यावरून पदर ढळलेला. मी तिच्यामागं पळत. हायवेवर तुळजापूरहून ज्योत घेऊन धावणाऱ्या पोरांचे जथे येत होते, शिट्ट्या वाजवत, अनवाणी, आणि त्यांच्यामागं अडकलेली भूमची बस वळणावरच थांबली होती. ती ज्योत जर जरा उशिरा आली असती तर बस निघून गेली असती. आत्या स्टँडच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसली होती.

"वन्सं, मांजर गंजीत हाय," आई धापा टाकत म्हणाली. "तुमच्या हाकंबिगर उतरत न्हाय."

आत्या उठली. "बरं झालं. तिला घिऊनच जाते मग."

"काशी ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "तुमी बी ऱ्हावा." मातीनं भरलेले हात तिनं पुढं धरले. "मला काय ठावं हुतं, वन्सं? म्या आपलं समजून धुतली. मला काय ठावं हुतं?"

आत्या तिच्या हातांकडे बघत होती. घटाची माती अर्धी टाकून, पाच धान्यं तशीच ठेवून कुणी घराबाहेर पडत नाही. बस आली, दार उघडलं, कंडक्टरनं विचारलं, "भूम?" अण्णांनी आत्याकडे बघितलं. आत्यानं पेटी अण्णांच्या हातात दिली. "चल कुसुम," ती म्हणाली, "माती वाळून जाईल."

काशी आत्याच्या एका हाकेला उतरली. पण शेंग्याकडे बघून पुन्हा फिस्कारलीच. आईनं विचारलं, "आता वो?"

"आता काय. पयल्यापासनं."

पुन्हा दार बंद. पुन्हा अलीकडे वाटी, पलीकडे वाटी. फरक एवढाच की या खेपेला पलीकडे शेंग्याजवळ आई बसायची. रोज सांजेला, घटाला माळ चढवून झाली की, आत्या काशीला घेऊन दाराच्या आत आणि आई शेंग्याला घेऊन दाराच्या बाहेर. दोघींच्या मधे लाकडी दार. समोरासमोर ज्या बायका मीठ-तेलापलीकडे बोलत नव्हत्या, त्या बंद दारातून बोलायला लागल्या. मी कधी आत, कधी बाहेर बसून ऐकायची.

"कसला वास हुता, वन्सं?" एकदा आईनं विचारलं.

मग आत्या म्हणाली, "बिडीचा. आन् पोळ्याला बैलाच्या शिंगांना तेल लावत्यात, त्याचा. बैल इकल्यावर बी त्यांच्या हाताचा त्यो वास गेला न्हाय."

आई शेंग्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते आत्याला दिसत नव्हतं.

"वास ठिवून ठिवून बी उडतोच, कुसुम," आतून आत्या म्हणाली. "निम्मा तर उडालाच हुता. वापरता वापरता दुसरा लागतो. तू नगं मनाला लावून घिऊ."

घटातलं धान्य वितभर पिवळं-हिरवं झालं तोवर दार उघडलं गेलं होतं. दसऱ्याला सोनं वाटून आम्ही घरी आलो तेव्हा वाकळ मधल्या दारात होती, शेंग्या तिच्यावर, काशी त्याच्या पोटाशी, आणि कडेला आत्या पाय पसरून. आई हातात सूप घेऊन आली. उभी राहिली. मग म्हणाली, "वन्सं, जरा सरका."

आत्या सरकली. आई त्याच वाकळेवर बसली आणि दोघी निवडायला लागल्या.

त्यानंतर किती वर्षं मी ते ऐकलं. वन्सं, जरा सरका. शेंगा फोडताना, मेथी निवडताना, अण्णा गेले त्या दिवशी, माझ्या लग्नाच्या अक्षता रंगवताना. शेंग्या म्हातारा होऊन त्या वाकळेवरच गेला. काशी त्याच्यानंतर फार दिवस राहिली नाही, पण तिची पिल्लं, त्यांची पिल्लं, घरात मांजर राहिलीच. आणि नवरात्राच्या धुण्यातून ती वाकळ कायमची वगळली गेली. ती धुवायचा मान आत्याचा. माघातल्या उन्हात ती निम्मी धुवायची आणि निम्मी पुढच्या खेपेला, म्हणजे वास उडून जायला नको. वाकळ निम्मी धुणारी बाई जगात दुसरी नसेल, असं आई आल्यागेल्याला सांगायची. आत्या गेल्यापासून तिचा कुठलाच निम्मा धुतलेला नाही.

यंदा आमच्या घरात पुन्हा रणधुमाळी चालू आहे. भावानं हायवेवरून कुत्र्याचं एक पिल्लू उचलून आणलंय, एवढंसं, मुठीत मावेल असं. काशीच्या कितव्या पिढीतली कोण जाणे, राखाडी पट्ट्यांची म्हातारी मांजर तेव्हापासून फ्रीजवर बसून फिस्कारते. जेवायलाही उतरत नाही. भावजय दुपारी म्हणाली, "आत्याबाईंचं मांजर उपाशी मरंल. मी हे पिल्लू माझ्या माहेरी देऊन टाकते."

संध्याकाळी धुणी वाळून घड्या झाल्या. घरभर सोड्याचा आणि उन्हाचा वास. आई काठी टेकत उठली, पायरीवरची ती वाकळ तिनं उचलली आणि मधल्या दारात पसरली. मला वाटलं, स्वतः निजायला घेतली. तिनं पिल्लू आणून तिच्यावर ठेवलं.

"आई, अगं आत्याचा वास आहे त्याला," मी म्हणाले. "पिल्लू मुतेल. सगळा जाईल."

"जाऊ दी," आई म्हणाली. "दुसरा लागंल."

पिल्लानं वाकळ हुंगली, गिरक्या घेतल्या आणि धोतराच्या पानावर वेटोळं करून पडलं. फ्रीजवरची मांजर मान वाकडी करून बघत होती. आईनं भावजयीला दुधाच्या दोन वाट्या आणायला सांगितल्या, एक फ्रीजवर आणि एक पिल्लापुढं. मग भिंतीला धरून, गुडघ्यांना शिव्या देत ती खाली बसायला वाकली. वाकळ सगळी मोकळी होती, कोपऱ्यात पिल्लू तेवढं. तरी ती अर्ध्यातच थांबली.

"वन्सं, जरा सरका," ती म्हणाली.

थोडी थांबली, आणि मग बसली, काठाला, बाजूला एका माणसाची जागा सोडून.